नागपूर देशाच्या मधोमध, मग विमानांचं हब काहून नाही?

वर्धारोड (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.४०

राजेहो, मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला भुवनेश्वरला जायचं होतं. नागपूरहून भुवनेश्वर सरळ रेषेत सातशे किलोमीटर. मला तिकीट मिळालं ते दिल्लीमार्गे. म्हणजे आधी साडेआठशे किलोमीटर उत्तरेला जा, तीन तास विमानतळावर पावभाजी खात बसा (किंमत विचारू नका), मग पावणेतेराशे किलोमीटर खाली या. तिप्पट अंतर!

परत येताना हैदराबादमार्गे आलो. शेजारी एक काका होते, ते दिल्लीहून आले होते. ते म्हणाले, “तुमचं नागपूर येताना वरूनच दिसलं, तलाव पण दिसला.” म्हणजे आमच्या डोक्यावरून सगळे जाऊन राहिले, खाली कोणी उतरून नाही राहिलं.

आपल्याकडे झिरो माईल आहे. मिहान (इथला कार्गो हब आणि विमानतळाचा प्रकल्प) आहे, त्याच्या तर नावातच हब आहे. चारी महानगरं दोन तासांच्या आत. मग विमान कंपन्यांनी इथे हब, म्हणजे सगळीकडची माणसं येऊन विमान बदलतात ते ठिकाण, का केलं नाही? राजकारण हे उत्तर मला माहीत आहे. दुसरं काही असेल तर सांगा.

पुशबॅक
रविवार, रात्री ११.०५

मी एका विमान कंपनीत सहा वर्षं नेटवर्क प्लॅनिंगला होतो (कोणती ते विचारू नका, खासगी मेसेज पण करू नका). म्हणून थोडं लांबण लावतो.

प्लॅनिंगवाल्याच्या टेबलावर नकाशा असतो, पण तो भिंतीवर. समोरच्या एक्सेलमध्ये गावांच्या जोड्या असतात. नागपूर–भुवनेश्वर ही एक जोडी. रोज किती माणसं हा प्रवास करतात, त्यातली किती कंपनीच्या खर्चाने जातात, किती जण आज तिकीट काढून उद्या निघतात, किती जण तीन महिने आधी सेलमध्ये काढतात. शेवटच्या दोन रकान्यांवर सगळा खेळ असतो. आज काढून उद्या जाणारा माणूस विमान जगवतो, सेलवाला सीट भरतो.

आता तुझ्या लग्नाचं विमान घेऊ. एअरबस ३२० मध्ये १८०-१८६ सीट. रोज जाऊन-येऊन धरलं तर साडेतीनशेच्या वर सीट विकायच्या. समजा नागपूर–भुवनेश्वर दोन्ही बाजू मिळून रोज साठ माणसं आहेत (आकडा उदाहरणापुरता). उरलेल्या तीनशे सीटवर कोण बसणार?

इथेच हबची कल्पना येते. वीस गावं घे, मध्ये एक हब ठेव. वीस विमानं उडवलीस तर हबला जाणाऱ्या वीस जोड्या झाल्या, शिवाय गावागावांच्या आपसातल्या १९० जोड्या. वीस विमानांत २१० बाजार. तुझ्या त्या साठ माणसांसोबत त्याच विमानात हबचीच माणसं, रायपूरला जाणारी, इंदूरला जाणारी, सगळी बसतात. अमेरिकेत १९७८ मध्ये सरकारने मार्ग आणि भाडी ठरवणं सोडलं आणि बहुतेक मोठ्या कंपन्या याच गणितावर गेल्या.

मग नागपूर का नाही? कारण नागपूरच्या डोक्यावरून जाणारी विमानं आधीच भरलेली आहेत. मुंबई–दिल्ली हा जगातल्या सर्वांत गर्दीच्या देशांतर्गत मार्गांपैकी एक. दिल्ली–बंगळूर, मुंबई–कोलकाता, सगळीकडे दिवसभर थेट विमानं. थेट जाता येत असताना नागपूरला कोण उतरेल? हब लागतं ते पातळ जोड्यांना. आणि आपल्या मध्य भारतातल्या पातळ जोड्या इतक्या पातळ आहेत, आणि रात्रीची रेल्वे इतकी स्वस्त आहे, की त्यावर लाट उभी राहत नाही.

लाट म्हणजे काय ते उद्या लिहितो. झोप आली.

वर्धारोड
रविवार, रात्री ११.२०

बाप्पा! पटलं पण आवडलं नाही. लाट सांगा.

लाखेचा_शिक्का
सोमवार, सकाळी ७.१५

एक दुरुस्ती. नागपूर हब झालं होतं, आणि नुसतं नावापुरतं नाही.

माझे आजोबा आरएमएसमध्ये (रेल्वेच्या टपाल सेवेत) सॉर्टर होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारी ठिकाणांहून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातल्या कलकत्त्याच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या दिल्लीच्या विमानात, असं. मग चारही विमानं आपापल्या गावी परत, सकाळी टपाल शहरात. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रालाही जादा तिकीट न लावता विमानाने पाठवायला सुरुवात झाली. प्रवासीही असायचे त्या विमानांत, ते पण रात्री सोनेगावला उतरून विमान बदलायचे.

आई सांगते की आजोबांना घड्याळ लागायचं नाही. मुंबईचं विमान डोक्यावरून गेलं की ते सायकल काढायचे.

पुशबॅक
सोमवार, सकाळी ९.३०

वा! हे मी कामावर असताना प्रेझेंटेशनमध्ये टाकायला पाहिजे होतं.

तुमच्या आजोबांनी जे केलं तीच लाट. धंद्यात आम्ही तिला बँक म्हणतो, पैशाच्या बँकेशी संबंध नाही. तासाभरात सगळीकडची विमानं उतरवायची, माणसं आणि सामान बदलायला पाऊण-एक तास द्यायचा, मग पुढच्या तासात सगळी उडवायची. दुबई, दोहाला रात्री दोन-तीन वाजता जत्रा असते ती याच कारणाने. हब म्हटलं की आधी हे वेळापत्रक. गाव देशाच्या मधोमध असलं आणि विमानं दिवसभर एकेक करून उतरली तर ते हब नाही, एसटी स्टँड आहे.

आणि बघा, नागपूरला ते जमलं कारण माल टपाल होता. पत्र रात्री दोनला विमान बदलताना कुरकुरत नाही, चहा मागत नाही आणि “थेट का नाही” असं विचारत नाही. त्याला फक्त सकाळी पोचायचं असतं.

बरोबर हीच युक्ती फेडेक्सने एप्रिल १९७३ मध्ये मेम्फिसला केली. पहिल्या रात्री १४ छोटी विमानं, २५ शहरं, आणि पार्सलं किती? १८६. मेम्फिस अमेरिकेच्या मध्याच्या जवळ, हवा बरी, विमानतळ रात्री मोकळा. ते हब आजही जोरात आहे. त्याच मेम्फिसला प्रवाशांचं पण एक हब होतं, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं. २००८ मध्ये डेल्टाने नॉर्थवेस्ट घेतली आणि २०१३ मध्ये मेम्फिसचं प्रवासी हब बंद केलं. धावपट्टी तीच, नकाशावरची जागा तीच. पार्सलं राहिली, माणसं गेली.

चाफेकळी
सोमवार, संध्या. ६.५० (इथे सकाळ आहे)

मेम्फिसचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी अटलांटात राहते, म्हणजे ज्या गावाने मेम्फिसचं हब खाल्लं त्या गावात. इकडे जुना विनोद आहे की मेल्यावर स्वर्गात जा नाहीतर नरकात, विमान अटलांटालाच बदलावं लागेल.

पण अटलांटा काही अमेरिकेच्या मधोमध नाही, पार आग्नेय कोपऱ्यात आहे. १९२५ मध्ये गावाने मोटारींच्या शर्यतीचा एक बंद पडलेला मैदानी ट्रॅक पाच वर्षांच्या कराराने घेतला आणि तिथे विमानं उतरवायला लागले. डेल्टाचं मुख्यालय १९४१ मध्ये लुइझियानातल्या मन्रोहून इथे आलं. आज कोका-कोला, होम डेपो, यूपीएस यांची मुख्यालयं इथेच. म्हणजे विमान बदलणारे सोडले तरी गावातलीच माणसं, कंपनीच्या खर्चाने फिरणारी, भरपूर. मेम्फिसला तेवढी नव्हती. दोन्ही हब एकमेकांपासून तासाभराच्या विमानावर, मग कोणतं ठेवणार?

हबच्या गावात राहायचा तोटाही सांगते. थेट विमानं कुठेही मिळतात, पण बहुतेक एकाच कंपनीची, आणि तिकीट बघून डोळे पांढरे होतात. वर्धारोड, हब मिळालं तर तुमची मामेबहीण जवळ येईल, पण आहेर तुम्हाला परवडणार नाही.

रंकाळा
सोमवार, रात्री ८.१०

आमच्याकडं मधोमध वगैरे काय भानगड नाही भावा. कोल्हापूरचं विमान चालतंय ते देवाच्या जिवावर. तिरुपती झालं की अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. हरिप्रिया एक्सप्रेस जवळजवळ एक दिवस घेते. २०१९ मध्ये इंडिगोनं कोल्हापूर–तिरुपती सुरू केलं तेव्हा लोक हसले होते. आईला घेऊन गेलो त्या विमानात निम्म्या लोकांच्या डोक्याचं मुंडण झालं होतं, उरलेल्यांचं व्हायचं होतं.

पण मुंबईचं विमान मात्र एवढी वर्षं रडतंय. कधी चालू, कधी बंद, कधी दुपारी. दुपारी मुंबईला जाऊन मी काय करू? मंत्रालयात जायचं तर सकाळी दहाला पोचायला पाहिजे. हे का जमत नाही ते पुशबॅक सांगा.

पुशबॅक
सोमवार, रात्री १०.००

रंकाळा, मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं उतरत-उडत होती, २०२४ मध्ये सरकारने ती ४४ वर आणायला सांगितली. या ४४ पैकी एक जागा (आम्ही तिला स्लॉट म्हणतो) तुमच्या सत्तर सीटच्या एटीआरला, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाला, लागते. तीच जागा लंडनच्या साडेतीनशे सीटच्या विमानाला लागते. सकाळी आठचा स्लॉट ज्याच्याकडे आहे तो कोल्हापूरला का देईल? आणि स्लॉटचा जगभरचा नियम असा की हंगामात ८० टक्के वेळा वापरला तर पुढच्या हंगामात तुझाच. म्हणून जुने धरून बसतात. सोडला की गेला.

लहान विमानांना सवलती पण आहेत. ८० पेक्षा कमी सीट असेल तर बऱ्याच विमानतळांवर लँडिंगचं भाडं माफ. ४० हजार किलोपेक्षा हलकं टर्बोप्रॉप (पंख्याचं विमान) असेल तर इंधनावर विक्रीकर चारच टक्के. मुंबई-पुण्यात मोठ्या विमानांच्या इंधनावर २०२३ पर्यंत २५ टक्के व्हॅट होता, मग १८ केला. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात साधारण चाळीस टक्के इंधन असतं, त्यामुळे हा फरक फार मोठा. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ सीट आहेत, त्या आकड्यामागे काय आहे ते कळलं असेलच.

आणि वर्धारोड, तुझ्या जखमेवर मीठ चोळतो. इंडिगोने २०१७ च्या शेवटी एटीआर आणली तेव्हा पहिलं विमान हैदराबादहून उडवलं. ट्रूजेट ही छोटी विमान कंपनीही तिथलीच होती. तू ज्या मध्याची गोष्ट करतोस त्या मध्याची जागा हैदराबादने घेतली. सव्वाचारशे किलोमीटर दक्षिणेला सरकलेला मध्य, पण तिथे आयटी आहे, औषध कंपन्या आहेत, आखाती देशांत जाणारे कामगार आहेत. विमान निम्मं त्या गावानेच भरतं. उरलेलं निम्मं तुझ्यासारखे भुवनेश्वरवाले.

वर्धारोड
सोमवार, रात्री १०.१०

हैदराबादचं नाव काढू नका हो. पुष्कळ पोरं तिकडेच गेली.

लोहगावकर
मंगळवार, दुपारी १.३०

पुण्याचं पण सांगा कोणीतरी. आमच्याकडे पैसा आहे, कंपन्या आहेत, अमेरिकेत प्रत्येक घरातलं एक माणूस आहे. तरी रात्री साडेआठला टॅक्सी करायची, खालापूरला वडा खायचा, आणि मध्यरात्री सहारला रांगेत उभं राहायचं. गेल्या वर्षी घाटात ट्रक उलटला होता, साडेपाच तास लागले, माझ्या सासूबाईंचं विमान गेलं. टॅक्सीवाला म्हणाला, “मावशी, माझ्यासोबत परत चला, रिटर्नचं अर्धंच घेतो.”

पुशबॅक
मंगळवार, दुपारी ४.१५

सासूबाईंबद्दल वाईट वाटलं.

पुण्याला मागणी होती याचा पुरावा आहे. २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे–फ्रँकफर्ट सुरू केलं. त्यात सगळ्या सीट बिझनेस क्लासच्या, कारण चाकण-पिंपरीतल्या जर्मन कंपन्यांचे साहेब त्यात बसायचे. पण विमान कोणतं? बोइंग ७३७. मोठं का नाही? लोहगाव हवाई दलाचं, धावपट्टी साधारण अडीच किलोमीटर. उन्हाळ्यात गरम हवेत मोठं विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण माणसं घेऊन तिथून उठणं अवघड. म्हणून थोड्या श्रीमंत माणसांना छोट्या विमानात घालून गणित जमवलं. काही वर्षं चाललं, मग बंद झालं.

दुसरं कारण कागदावरचं. परदेशी कंपनीला कुठल्या गावात यायचं आणि आठवड्याला किती सीट आणायच्या हे दोन देशांच्या करारात ठरतं. दुबईचा कोटा आठवड्याला प्रत्येक बाजूला साधारण ६६ हजार सीटचा, २०१४ पासून तेवढाच. एमिरेट्स भारतात नऊ गावांत येते, त्यात मुंबई आहे, पुणे नाही, नागपूर नाही, गोवा नाही. कोटा भरलेला असताना ते मुंबईच्या सीट काढून पुण्याला का देतील? वर्धारोडच्या नागपूरला मात्र कतार एअरवेज येते. दोहाचा करार वेगळा, कोटा वेगळा. म्हणजे नागपूर हब आहेच, फक्त दोहाचं टोक म्हणून.

वर्धारोड
मंगळवार, दुपारी ४.२२

हे वाचून चहा सांडला.

घावणे_चटणी
मंगळवार, रात्री ९.०५

आमच्या चिपीची, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाची, गोष्ट कोण सांगणार? मीच सांगतंय.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केवढा सोहळा. मुंबई–सिंधुदुर्ग सरकारच्या उडान योजनेत. पहिल्या आठवड्यात आमच्या वाडीतले सात जण एकाच विमानात होते, मुंबईला कुणाला काम नव्हतं, विमानात बसायचं होतं एवढंच. मग पावसात रद्द, ढगात रद्द. एकदा माझ्या भावाचं विमान सकाळी सहाला एसएमएसने रद्द झालं, तो रात्रीच्या कोकणकन्येचं तिकीट काढून गेला. तीन वर्षं झाली, अनुदान संपलं, मुंबईचं विमान बंद. मधल्या काळात गोव्याचं नवं विमानतळ मोपा सुरू झालं, जानेवारी २०२३. कुडाळहून मोपा गाडीने दीड तास. तिथे दिवसभर विमानं, तिकीट कमी. मग चिपीला कोण थांबतंय?

आता फ्लाय९१चं विमान येतं, पण ती मोपाहून चालणारी कंपनी. म्हणजे घर आमचं, दार गोव्याला.

पुशबॅक
मंगळवार, रात्री ९.५०

उडानचं गणित तीन वर्षांचंच होतं. सरकार तीन वर्षं तूट भरून देतं, मार्गावर दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही, बदल्यात अर्ध्या सीटना भाड्याची मर्यादा (सुरुवातीला तासाभराला २५०० रुपये). कल्पना अशी की तीन वर्षांत लोकांना सवय लागेल. काही मार्गांना लागली. चिपीच्या वाट्याला सवय लागायच्या आत मोपा आलं. दोन विमानतळ एकाच वाडीतल्या माणसांवर डोळा ठेवून असले तर मोठा जिंकतो, कारण तिथे दिवसातून आठ वेळा विमान आहे आणि तुमचं पहिलं रद्द झालं तर दुसरं मिळतं. प्रवासी भाड्याइतकेच पैसे त्या “दुसरं मिळतं” साठी देतो.

थेट_मुद्दा
बुधवार, सकाळी ८.००

सगळं वाचलं. एकच वाक्य: कंपन्यांना नफ्याशिवाय काही दिसत नाही, सरकारने सक्ती करायला पाहिजे.

पुशबॅक
बुधवार, सकाळी ८.४५

सक्ती आहे. १९९४ पासून. मुंबई–दिल्लीसारखे मलईचे मार्ग पहिल्या वर्गात, ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गात जेवढी सीट-क्षमता उडवाल तिच्या दहा टक्के दुसऱ्या वर्गात करावीच लागतात. गुवाहाटी, श्रीनगरला विमानं वाढण्यात त्या नियमाचाही वाटा आहे. पण कंपनी नियम पाळते तो सर्वांत स्वस्तात पाळता येईल असा. म्हणजे श्रीनगरला दहा विमानं, आणि पलीकडच्या छोट्या गावाला एकही नाही. सक्तीने विमान उडतं, वेळ मात्र कंपनी निवडते.

लोहगावकर
बुधवार, सकाळी ९.१०

आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई सुरू झालंय. मग मुंबईचा स्लॉटचा प्रश्न सुटला ना? रंकाळांना सकाळचं विमान मिळेल?

पुशबॅक
बुधवार, सकाळी ९.४०

सकाळचा स्लॉट मिळेल. पण तो उलव्याला, नवी मुंबईच्या विमानतळावर. कोल्हापूरचा माणूस उलव्याला उतरून पुढे लंडनचं विमान सहारहून पकडणार असेल तर मध्ये सायन-पनवेल हायवे आणि सामानाची ट्रॉली. लाट एकाच छताखाली लागते. दोन विमानतळांत वाटलेलं हब म्हणजे दोन अर्धी हब. दिल्लीने २०१० मध्ये टी३ (टर्मिनल ३) बांधलं, आज चार धावपट्ट्या आहेत, सगळं एकाच कुंपणात. एअर इंडियाने २००९ मध्ये फ्रँकफर्टला हब केलं होतं, टी३ झाल्यावर वर्षभरात गुंडाळून दिल्लीला आणलं. मुंबईला आणलं नाही. का, ते लोहगावकरांच्या सासूबाई सांगतील.

रंकाळा
बुधवार, सकाळी १०.०२

मंत्रालय उलव्याला हलवा म्हणजे झालं.

वर्धारोड
बुधवार, रात्री ९.१५

तर हबचा माझा हट्ट सोडला. पण हट्ट थोडा बदलतो: मला हब नको, मला आठवड्यातून तीन दिवस भुवनेश्वरचं एटीआर द्या. मी पुतण्यांसकट येतो, साठ नाही तरी सहा सीट आमच्या घरातून भरतो. पुशबॅक, तुमच्या एक्सेलमध्ये लिहून ठेवा.

@लाखेचा_शिक्का, एक विचारायचं राहिलं. आमचे बाबा सोनेगावच्या बाजूलाच लहानाचे मोठे झाले. ते म्हणतात, रात्री विमानं एका मागोमाग यायची, मग थोडा वेळ सगळं शांत, मग परत आवाज, आणि मग सकाळपर्यंत काही नाही. त्या शांत वेळात आत काय चालायचं?

लाखेचा_शिक्का
बुधवार, रात्री ११.३०

आईला विचारलं. ती म्हणाली, आजोबा सांगायचे की त्या वेळात कोणी बोलत नसे. थैल्या फेकायच्या, लाखेचा शिक्का शाबूत आहे का ते कंदिलाजवळ धरून बघायचं, यादीवर सही करायची. एकदा मद्रासची थैली चुकून मुंबईच्या विमानात गेली आणि आजोबा पहाटे घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या रात्री तीच थैली मुंबईहून परत सोनेगावला आली, तेव्हा त्यांनीच ती मद्रासच्या विमानात नेऊन ठेवली.